तालमीची माती आणि तीस दिवसांची घाई

गोरवा हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. बडोदे शहराच्या वायव्य अंगाला असलेले हे मूळचे खेडे. १९०७ साली अॅलेम्बिकसारखा रसायनांचा कारखाना बडोद्यात उभा राहिला, पुढे स्वातंत्र्योत्तर काळात या बाजूस आणखी कारखाने आले, तंत्रशिक्षणाची संस्था आली, कामगारांच्या चाळी आणि मागाहून सोसायट्या आल्या, आणि शहराने या खेड्याला केव्हा पोटात घेतले ते त्या खेड्यालाही कळले नाही. एका लग्नकार्याच्या निमित्ताने आम्ही नुकतेच तेथे चार दिवस मुक्कामाला होतो. आमच्या मावसभावाच्या घरासमोरच एका व्यायामगृहाचा भला मोठा फलक होता. कंबरेपासून वर उघडा, तेलाने चकाकणारा एक तरुण, आणि त्याच्या छातीवर गुजराती अक्षरांत आश्वासन : तीस दिवसांत नवे शरीर. फलकाखाली पहाटे साडेपाच वाजता, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीशेजारी, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बनियन आणि अर्ध्या चड्डीत बैठका मारीत होते.

दुसऱ्या दिवशीही ते तेथेच होते. तिसऱ्या दिवशी आम्ही धीर करून विचारले, "काका, किती बैठका मारता?"

"पंचवीस."

"एवढ्याच?"

"पूर्वी शंभर मारीत होतो, भाऊ. मग कारखान्यात लागलो. रात्रपाळी असली की सकाळी घरी येऊन झोपण्यापूर्वी दहा मारायचो. पण दहा मारायचोच."

फिटर म्हणून सारी नोकरी केलेल्या या माणसाच्या उत्तरातील शेवटचे वाक्य आम्ही परतीच्या गाडीत बराच वेळ घोळवीत होतो. शंभरांचा त्याला अभिमान नव्हता. अभिमान होता तो दहांचा. रात्रभर यंत्रापुढे उभे राहून पाय भरून आलेले असताना मारलेल्या दहांचा. शरीरसामर्थ्याचा विचार आपण नेहमी "जास्तीत जास्त किती" या बाजूने करतो. या माणसाने तो "कमीत कमी किती" या बाजूने केला होता, आणि त्यामुळेच चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर तो अजून टाकीशेजारी उभा होता.

बडोद्यासारख्या गावी हे ऐकावयास मिळावे, यात नवल काहीच नाही. कारण हिंदुस्थानात व्यायामाला ज्या थोड्या गावांनी शास्त्राचे आणि संस्थेचे रूप दिले त्यांत बडोद्याचे स्थान फार वरचे आहे. खंडेराव आणि मल्हारराव या गायकवाडांना कुस्त्यांचा शोक होता. पण तो शोक दरबारी होता, तमाशा पाहण्याचा होता. सयाजीराव महाराजांनी या शोकाला शिस्त लावली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी कुटुंबातून १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसलेल्या या राजाने व्यायामाकडेही शिक्षणाचे एक अंग म्हणून पाहिले. (याच राजाची प्रकृती मात्र राज्यकारभाराच्या ताणाने अशी ढासळली, की १८८७ मध्ये केवळ हवापालटासाठी त्यांना युरोप गाठावे लागले. आश्रय देणाऱ्याला आश्रित शास्त्राचा लाभ होतोच असे नाही, हे येथे नमूद करून ठेवलेले बरे.)

या परंपरेचा खरा कणा राजवाड्यात नव्हता, तालमीत होता. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव, ज्यांना पुढे राजरत्न ही पदवी मिळाली आणि ज्यांना सारे बडोदे प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखीत असे. शिष्याने नावारूपाला आणलेली व्यायामशाळा गुरूच्या नावाने, जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून, चालली. नावलौकिकाच्या बाबतीत जो एरवी कोणी सहसा सोडत नाही तो मान त्यांनी वस्तादाच्या पदरी घातला. माणिकराव हाडवैद्यही होते. मोडलेले हाड सांधणाऱ्या माणसाला घाई परवडत नाही. आणि जो हाडाची वाट पाहावयास शिकला तो स्नायूंच्या बाबतीतही उतावीळ राहत नसावा, असे आम्हांस वाटते. सांघिक व्यायामाला शिस्तबद्ध रूप देऊन कवायतीचे हुकूम देशी भाषेत आणण्याचे श्रेयही त्यांचेच. छोटूभाई आणि अंबूभाई हे पुराणी बंधू याच परंपरेतून गुजरातभर व्यायामाची चळवळ घेऊन गेले. परवशतेच्या काळात तालमी या केवळ दंड फुगविण्याच्या जागा नव्हत्या, हे चळवळीत उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्याला कोणी निराळे सांगावयास नको.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे घालविलेला एक विद्यार्थी होता जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, बडोदे संस्थानातील डभोईचा. संस्कृतचा अभ्यासक. यांनाच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून जग ओळखू लागले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासांकडे ते योग शिकले. पण शिकले ते पुरेसे मानून स्वस्थ बसले नाहीत. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या साधनांच्या साह्याने पाहण्यास आरंभ केला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक निघाले. तालमीतील तीन वर्षे, गुरूपाशी घालविलेला काळ, मग प्रयोग, मग संस्था, असा हा सतरा वर्षांचा क्रम आहे. आज एका आठवड्याच्या शिबिराचे प्रशस्तिपत्र खिशात घालून लोकांना योग शिकविणारे महाभाग आम्ही नित्य पाहतो, तेव्हा या सतरा वर्षांची आठवण होते आणि बोलणे खुंटते.

दुसरे उदाहरण 'व्यायाम ज्ञानकोशा'चे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्याहून हा मराठी कोश निघू लागला तो १९३६ मध्ये. त्याचा दहावा खंड हाती आला तेव्हा १९४९ उजाडले होते. मधल्या काळात सयाजीराव महाराज १९३९ मध्ये निवर्तले, महायुद्ध होऊन गेले, देश स्वतंत्र झाला, बडोदे संस्थानही विलीन झाले. खंड मात्र येत राहिले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्तीचे डाव, लाठी, आसने अशा विषयांवर एवढे विस्तृत लेखन मराठीत दुसरे झालेले नाही. आज हे खंड किती ग्रंथालयांत धूळ खात पडले आहेत, हा निराळा आणि दुःखदायक विषय आहे.

परंतु बडोद्याला गेलेल्या पाहुण्याला यांपैकी काहीच कोणी दाखवीत नाही. त्याला दाखवितात तो सयाजीबागेतील संग्रहालयात ठेवलेला दगड. १९०२ च्या डिसेंबरात गामा पहिलवानाने तो उचलला असे सांगतात आणि वजन बाराशे किलो सांगतात. आज सर्व साधने आणि सर्व शास्त्र हाताशी असताना जगातील सर्वांत बलवान माणसे जमिनीवरून जे वजन उचलतात ते पाचशे किलोंच्या आसपास घोटाळते. तेव्हा दगड उचलला म्हणजे नेमके काय केले याबद्दल शंका घेण्याचा अधिकार वाचकाने राखून ठेवावा. आमचा आक्षेप दगडाला नाही. गामाचे खरे आश्चर्य दुसरीकडे आहे, आणि ते दगडाइतके दिसत नाही म्हणून कोणी सांगत नाही. १९१० मध्ये लंडनला झ्बिश्को या पोलिश मल्लाशी त्याची कुस्ती अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. त्याच झ्बिश्कोला त्याने १९२८ मध्ये पतियाळा येथे एका मिनिटाच्या आत चीत केले. तेव्हा गामाचे वय पन्नाशीला टेकले होते. ज्या वयात आपल्याकडे जिना चढताना लोक कठड्याला धरतात त्या वयात हे घडले. मधल्या अठरा वर्षांत रोज पहाटे जे काही झाले असेल त्याला संग्रहालयात ठेवण्याजोगा आकार नाही.

आता तीस दिवसांच्या फलकाकडे वळू. त्यात जे सांगितले आहे ते सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. नवख्या माणसाने वजने उचलण्यास आरंभ केला की पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याची ताकद खरोखरच वाढते. पण ही वाढ मुख्यतः स्नायूंची नसते. स्नायूंतील तंतूंना एकदम कामाला कसे लावावे हे मज्जासंस्था शिकते, तिचा तो परिणाम. स्नायू प्रत्यक्ष भरू लागतो तो त्यानंतर. स्नायूला हाडाशी बांधणारे दोर आणि सांध्यांचे बंध यांत रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून ते त्याहूनही सावकाश घट्ट होतात. हाडाचा एक लहानसा भाग झिजवून तो नव्याने बांधावयास शरीराला तीन-चार महिने लागतात. म्हणजे महिन्याच्या अखेरीस तरुणाच्या हाती बैलगाडीला जुंपलेले मोटारीचे इंजिन येते. हुरूप वाढलेला असतो, वजन वाढविले जाते, आणि खांदा किंवा गुडघा एके दिवशी आपले म्हणणे मांडतो. जुन्या तालमीत नवशिक्या पोराला प्रथम हौदा खणावयास, माती चाळावयास लावीत. मातीत तेल, ताक, हळद कालविण्याचे काम महिनोन्‌महिने करणाऱ्याची पाठ आणि मनगटे कुस्तीआधीच तयार होत. वस्तादाला हाडाचे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. त्याने मोडलेली पोरे पाहिली होती.

ज्यांना हा विलंब सोसत नाही त्यांच्यासाठी बाजारात सुईही आहे. स्नायू फुगविणारी संप्रेरके सल्ल्याविना टोचून घेणाऱ्या मुलांच्या यकृतावर, हृदयावर आणि पुढे प्रजननशक्तीवर काय परिणाम होतात हे वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. अशी द्रव्ये कोठे मिळतात हे शहरातील पुष्कळ मुलांना माहीत असते आणि औषध प्रशासनाला तेवढे माहीत नसते, ही आपल्या व्यवस्थेची नेहमीची गंमत आहे.

तालमीचे गोडवे गाताना डोळे झाकण्याचे मात्र कारण नाही. स्त्रियांना तिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रवेश नव्हता. सगळ्याच जातींच्या पोरांना हौदा सारखा मोकळा होता असेही म्हणवत नाही. आणि कुस्ती सोडलेल्या कितीतरी पहिलवानांनी मेहनत टाकली पण खुराक टाकला नाही. दूध-तूप-बदाम चालूच राहिले, आणि चाळिशीनंतर त्या डौलदार देहांची जी अवस्था झाली ती आम्ही पाहिली आहे. मिळविलेले सामर्थ्य बँकेतील ठेवीसारखे पडून राहत नाही. याचा विलक्षण पुरावा अमेरिकेतील डल्लास येथे मिळाला. १९६६ मध्ये विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची दमाची शक्ती मोजली गेली. तीस वर्षांनंतर, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा आढळले, की तीस वर्षांच्या वयाने जेवढी हानी केली होती तिच्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या बिछान्याने केली होती. पण या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक दिलासा देणारा आहे. पन्नाशीतील या पाचांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा, बेताचाच व्यायाम दिला. आणि दमाची जी शक्ती वयाने हिरावली होती ती सारी परत आली. त्यासाठी महिना पुरला नाही, वर्षही लागले नाही.

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत खरे, पण आमचा स्वतःचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. पन्नाशीला रक्तातील साखर वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आम्ही नवे बूट घेऊन दुसऱ्याच दिवशी तीन किलोमीटर धावलो. आठव्या दिवशी गुडघा सुजला, तीन महिने गेले. पुन्हा धावलो, पुन्हा सुजला. तिसऱ्या खेपेस नुसते चालू लागलो, तेही वीस मिनिटे, आणि ते मात्र टिकले आहे. अग्रलेखाच्या कामामुळे रात्री जागरण झाले की सकाळी दांडी मारण्याचा मोह होतो. गोरव्याच्या त्या काकांच्या दहा बैठकांनी आम्हांस लाज वाटली ती याच कारणाने.

हा प्रश्न एकेका माणसाच्या निर्धाराचा आहे असे म्हणून सरकारला आणि समाजाला हात झटकता येणार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००० साली पुरेशी शारीरिक हालचाल न करणारे प्रौढ भारतीय शंभरांत बावीस होते. २०२२ मध्ये ते जवळजवळ पन्नास झाले. आणि आमच्या गोव्याबद्दल काय सांगावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये बाहेर आले. देशात मधुमेहाचे प्रमाण शंभरांत ११.४, गोव्यात २६.४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. चौघांत एकाहून अधिक प्रौढांना हा विकार जडलेल्या राज्यात व्यायाम हा छंदाचा विषय राहत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखविले होते, की दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टराला हृदयविकार बसून राहणाऱ्या ड्रायव्हराहून कमी होतो. आज आपण सर्वच जण ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो आहोत. गोरव्याच्या कारखान्यांत सायकलवरून येणारा कामगार स्कूटरवर आला, आणि आमच्याकडे शेतात उभा असणारा माणूस खुर्चीत आला.

यावर सरकारने काढलेला उपाय म्हणजे उत्सव. २१ जूनला मैदाने चटयांनी भरतात, मंत्री शवासनात पहुडलेले दिसतात, छायाचित्रे निघतात. २२ जूनला मैदान रिकामे. शहराशहरांतून मॅरेथॉन होतात, हजारो लोक एक दिवस धावतात. यांना आमचा विरोध नाही. ज्या दिवशी एखाद्याला पहिली ठिणगी पडते तो दिवस चांगलाच. पण उत्सवावर होणारा खर्च आणि रोजच्या शिक्षकावर होणारा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहावा, मग आम्ही काय म्हणतो ते कळेल. शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास असतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताचे शिक्षक घेतात, हे कोणत्या पालकाला ठाऊक नाही? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या बळासाठी मेहनत सांगते. दीडशे मिनिटे म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. यासाठी लागते काय? घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मोकळी जागा, दिवे, आणि आज किती करू व उद्या किती, हे सांगणारा एक जाणता माणूस. वस्ताद ही व्यक्ती आपण व्यवस्थेतून काढून टाकली, आणि तिच्या जागी कोणालाही नेमले नाही. व्यायामाची यंत्रे उद्यानात बसविली की वस्तादाचे काम झाले असे नगरपालिकांना वाटते. त्या यंत्रांवर मुले झोके घेतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना गंज चढतो.

२०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांब आणि योगासने यांचा समावेश झाला, आणि पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, त्या स्पर्धा आमच्या गोव्यात भरल्या. पदके मिळाली, भाषणे झाली, क्रीडासंकुलांवर पैसा खर्च झाला. त्या संकुलांचे दरवाजे पहाटे सहा वाजता परिसरातील सामान्य माणसासाठी उघडतात काय? उघडत असतील तर तेथे नवख्याला मार्ग दाखविणारा शिक्षक हजर असतो काय, आणि पन्नाशीतील मधुमेही बाईला तेथे संकोचाविना पाऊल टाकता येते काय? क्रीडाखात्याने प्रत्येक तालुक्यातील मैदानाची आणि संकुलाची यादी, उघडण्याची वेळ, शिक्षकाचे नाव आणि किल्ली कोणापाशी असते ही माहिती पंचायतीच्या फलकावर लावावी. या कामाला नवे अंदाजपत्रक लागत नाही, उद्‌घाटनासाठी पाहुणाही लागत नाही. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढाच प्रश्न विचारला तरी आम्ही त्याचे उत्तर या स्तंभात जसेच्या तसे छापू.